आग्रह नसलेल्या देशात वाढदिवसाला जाताना घरून जेवून जावे का?

प्रश्न : आइंडहोवनची_सांगलीकर

नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अलीकडेच नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे राहायला आलो आहोत. शेजारच्या काकूंनी (वय सत्तरीच्या पुढे, स्वभाव प्रेमळ, आमची सायकल वाकडी लागली असेल तर न बोलता सरळ करून जाणाऱ्या) आपल्या यजमानांच्या वाढदिवसाचे निमंत्रण आमच्या पत्रपेटीत टाकले आहे. त्यावर तारीख आहे, ‘दुपारी २ ते ५’ अशी वेळ आहे आणि खाली ‘कॉफी आणि केक’ एवढेच लिहिलेले आहे. कार्यक्रम किती वाजता संपणार हे आधीच लिहून देण्याची पद्धत मी आजवर फक्त मंगल कार्यालयाच्या पावतीवर पाहिली होती. घरच्या वाढदिवसाला ती लागू झालेली पाहून आमच्या घरात दोन तट पडले आहेत.

नवऱ्याचे म्हणणे असे, की ‘कॉफी आणि केक’ हा केवळ विनय आहे. आपणही ‘चहाला या’ म्हणतो आणि समोर पोहे, शिरा, चिवडा, लाडू मांडतो, तेव्हा दुपारचे जेवण टाळून जावे. माझे म्हणणे असे, की ज्यांनी शेवटची वेळसुद्धा लिहिली आहे, त्यांनी पदार्थांची नावे काही विनयापोटी गाळलेली नसणार. सांगलीहून आईचा तिसराच सल्ला आला आहे, की कोणाकडेही रिकाम्या हाताने जाऊ नये, डबाभर चकल्या करून न्याव्यात आणि त्यांनी काही पुढे केले तर पहिल्यांदा ‘नको’ म्हणावे.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आम्ही शाकाहारी आहोत. अंडे घातलेला केक चालतो. बरोबर सहा वर्षांचा मुलगा आहे.

उत्तर : अम्स्टेलवेनचा_अण्णा

ताई, पहिली गोष्ट म्हणजे जेवून जा. पोटभर जेवून जा. ‘कॉफी आणि केक’ याचा अर्थ कॉफी आणि केक एवढाच होतो. या देशात निमंत्रणपत्रिका हा दस्तऐवज आहे, त्यात जे लिहिले नाही ते मिळत नाही आणि जे लिहिले आहे ते मात्र ठरल्या मिनिटाला हजर असते.

तेथे काय घडेल ते क्रमाने सांगतो, म्हणजे तुमची तारांबळ उडणार नाही. घरात शिरल्यावर दिवाणखान्यातील सगळ्या खुर्च्या, शिवाय स्वयंपाकघरातील खुर्च्या आणि माळ्यावरून खाली आणलेली दोन स्टुले, असे सारे भिंतीला पाठ लावून गोलाकार मांडलेले दिसेल. त्या गोलात पाहुणे बसलेले असतात. तुम्ही काकांचे अभिनंदन कराल, हे ओघाने आलेच. पण येथे तेवढ्याने भागत नाही. काकूंचेही अभिनंदन करायचे, कारण त्यांच्या नवऱ्याचा वाढदिवस आहे. मुलीचे करायचे, कारण तिच्या वडिलांचा आहे. कोपऱ्यातील अनोळखी गृहस्थ निघाले मेहुणे, तर त्यांचेही करायचे. प्रत्येकाशी हात मिळवत, ‘खेफेलिसितेर्त’ हा शब्द म्हणत संपूर्ण गोलाची प्रदक्षिणा पूर्ण झाल्यावरच खुर्चीवर बसता येते. ज्याने काहीही केलेले नाही अशा माणसाला दुसऱ्याच्या वयाबद्दल शुभेच्छा देताना सुरुवातीला संकोच वाटतो, परंतु आपणही मुलीच्या मैत्रिणीच्या निकालाचे पेढे तिच्या मामांना भरवतोच की.

मग कॉफी येते. कॉफीबरोबर केकचा एक तुकडा येतो. तो खाऊन झाल्यावर दुसरी कॉफी विचारली जाते आणि त्या फेरीला बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरतो. हा डबा नीट लक्षात ठेवा. यजमानीण झाकण काढून तो तुमच्यासमोर धरते, तुम्ही एक बिस्कीट उचलता, डबा पुढच्या खुर्चीकडे जातो, गोल पूर्ण होताच झाकण बसते आणि डबा कपाटात आपल्या जागी परततो. झाकण बसण्याचा तो आवाज झाला, की बिस्किटांचा अध्याय संपला.

आता तुमच्या मातोश्रींच्या सल्ल्याविषयी. चकल्या न्यायला हरकत नाही, परंतु पहिल्यांदा ‘नको’ म्हणण्याचा विचार कृपया मनातून काढून टाकावा. आपल्याकडे ‘नको’ ही बोलणीची सुरुवात असते. पाहुणा नको म्हणतो, यजमान ‘अहो, अर्धी तरी घ्या’ म्हणतो, पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, यजमान हाताच्या फटीतून जिलबी सोडतो आणि दोघेही धन्य होतात. डच माणसाला या नाटकाची संहिता कोणी दिलेलीच नाही. तुम्ही ‘नको’ म्हटले, की तो ‘बरे’ म्हणतो आणि डबा पुढे नेतो. त्यात राग नसतो, कंजूषपणा नसतो. उलट तुमच्या शब्दाचा त्याने पूर्ण मान राखलेला असतो. नव्याने आलेली कितीतरी मराठी मंडळी केकच्या तुकड्याकडे पाहत कोरडी कॉफी प्यायली आहेत, ती केवळ एका संस्कारी ‘नको’मुळे.

दुपार थोडी कलली, की चीजचे चौकोनी तुकडे आणि मोहरीची वाटी येईल, कदाचित सॉसेजच्या चकत्याही येतील. सॉसेज तुम्हाला चालणार नाही. चीजबद्दल मात्र काटेकोर असाल तर विचारून घ्या, कारण येथील पुष्कळशा पारंपरिक चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या पोटातील रेनेट वापरतात. पाच वाजायला आले, की निघा. सहाच्या ठोक्याला या देशात घरोघर जेवण वाढले जाते, आणि साडेपाचनंतर बसून राहिलेला पाहुणा पाहून यजमानाच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसते, ती तुमच्या पोटाची नसून मोजून उकडत ठेवलेल्या बटाट्यांची असते.

उत्तर : डच_घरची_सून

अण्णांनी सांगितलेला क्रम अगदी बरोबर आहे, पण ते उत्तरेचे वर्णन आहे. ताई आइंडहोवनला आहेत, म्हणजे ब्राबांत प्रांतात. मोठ्या नद्यांच्या दक्षिणेला, ब्राबांत आणि लिंबुर्ख या परंपरेने कॅथलिक असलेल्या प्रांतांत, हात इतका आखडता नसतो. तेथे बिस्किटांचा डबा टेबलावर उघडा राहतो, अशी उत्तरेत कुजबुज आहे. लिंबुर्खमध्ये वाढदिवसाला फळे भरलेली, परातीएवढी ‘फ्लाय’ (भाजलेल्या पिठाच्या कवचातली गोड पाय) असते आणि एकाच प्रकारची असली तर कमीपणा वाटतो. ब्राबांतमध्ये निरोपाच्या सुमारास गरम सॉसेज-पाव पुढे येण्याचा संभव आहे. तो तुम्हाला चालणार नाही, हे काकूंना आधीच सांगून ठेवलेत तर त्या तुमच्यासाठी निश्चित वेगळे काही करतील. येथे आयत्या वेळी केलेली विनंती अडचणीची वाटते, आधी दिलेली सूचना मात्र आनंदाने पाळली जाते.

बटाट्यांचा विनोद मला पटतो, कारण तो विनोद नाही. माझ्या सासूबाई माणशी किती बटाटे ते मोजूनच पातेल्यात टाकतात आणि खाटकाकडून माणसांच्या संख्येइतकेच मांसाचे तुकडे आणतात. लग्न होऊन आल्यावर माझा समज झाला, की या घरात काहीतरी तंगी आहे. तंगी मुळीच नव्हती. ‘उरणे’ हा प्रकारच त्यांना मान्य नव्हता. आपल्याकडे पातेल्यात शेवटी काही उरले नाही तर घरच्या बाईला रुखरुख लागते, ‘कोणाला कमी तर पडले नाही ना’ म्हणून. त्यांच्याकडे काही उरले तर रुखरुख लागते, हिशेब चुकला म्हणून. मात्र त्यांनी ‘जेवायला या’ म्हणून रोजनिशीत तारीख लिहून बोलावले, की त्या दिवशी सूपपासून गोडापर्यंत सर्व व्यवस्थित असते, मेणबत्त्या लागतात आणि कोणालाही घाई नसते. फक्त ती तारीख दीड-दोन महिन्यांनंतरची असते.

खरी गंमत उलट दिशेने होते. सासूबाई नाशिकला आमच्या घरी आल्या, तेव्हा आईने पुरणपोळीचा बेत केला होता. लहानपणी मिळालेल्या शिकवणीप्रमाणे त्यांनी ताटातले सगळे स्वच्छ संपवले, कारण पानात टाकणे त्यांच्या मते यजमानाचा अपमान. रिकामे ताट पाहताच आईने दुसरी पोळी वाढली आणि वर तुपाची धार धरली, कारण पाहुण्याचे ताट रिकामे दिसणे तिच्या मते यजमानाचा अपमान. सासूबाईंनी तीही संपवली. आईने आणखी एक वाढली. दोघीही आपापल्या परीने अत्यंत सभ्यपणे वागत होत्या आणि दोघींनाही समोरचीच्या भुकेचे, किंवा निष्ठुरपणाचे, आश्चर्य वाटत होते. शेवटी मीच मध्ये पडून सासूबाईंना इंग्रजीत सांगितले, की पानात घासभर पोळी शिल्लक ठेवा, म्हणजे हे थांबेल. त्यांनी ठेवली, आणि आई म्हणाली, ‘काय गं, आवडली नाही वाटतं यांना?’

उत्तर : जुन्या_नोंदी

कोणीतरी येऊन हे सगळे पुण्यातल्या एखाद्या पेठेशी जोडण्याआधीच सांगतो, की डच काटकसरीला तिचा स्वतःचा इतिहास आहे आणि तो पुरेसा रंजक आहे.

एका बिस्किटाची गोष्ट तर थेट आंतरराष्ट्रीय अर्थकारणाशी जोडली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर मार्शल योजनेच्या मदतीसंदर्भात एक अमेरिकन पाहुणा पंतप्रधान विलेम ड्रेस यांच्या हेगमधील साध्या घरी गेला. दार स्वतः ड्रेसबाईंनी उघडले, आणि त्यांनी चहाबरोबर एक मारी बिस्कीट पुढे केले. ज्या देशाचा पंतप्रधान असा राहतो तेथे आपला पैसा वाया जाणार नाही, अशी त्या पाहुण्याची खात्री पटली, असे सांगतात. ही आख्यायिका असण्याचीच शक्यता जास्त आहे, परंतु डच माणूस ती ज्या अभिमानाने सांगतो तो अगदी खरा असतो. आपल्याकडे याच्या उलट घडले असते. पंतप्रधानांच्या घरी पाहुण्याला एकच बिस्कीट दिले, ही बातमी नातेवाइकांत चार पिढ्या पुरली असती. आणि बिस्कीट तरी कोणते, तर आपल्याकडे तापातून उठलेल्या माणसाला चहात बुडवून देतात तेच मारी! ते मूळचे डचही नव्हे. रशियाची राजकन्या मारिया हिचे लग्न इंग्लंडच्या राजपुत्राशी झाले, त्यानिमित्त लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने १८७४ साली ते काढले. शाही लग्नाचे पक्वान्न पुढे आजाऱ्यांचे आणि काटकसरी लोकांचे खाद्य झाले.

काटकसरीचे कारण मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातील पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्नपुरवठा इतका आटला, की शहरांतील माणशी शिधा दिवसाला १००० कॅलरीच्याही खाली गेला, लोकांनी साखरेचे बीट आणि ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले आणि हजारो माणसे दगावली. युद्ध संपले तरी शिधापत्रिका लगेच संपली नाही; कॉफी तर १९५२ साली सर्वांत शेवटी खुली झाली. ताईंच्या शेजारच्या काकूंना ज्यांनी वाढवले, त्यांनी हे सगळे पाहिलेले आहे. डब्याचे झाकण लावणाऱ्या हाताकडे पाहताना एवढे ध्यानात असावे.

त्याच्याही आधीचे एक कारण सांगतात. सतराव्या शतकातील डच पाकपुस्तकांत दालचिनी, लवंग, जायफळ, केशर यांची लयलूट आहे, आणि ते स्वाभाविकच होते. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने बांदा बेटांच्या जायफळासाठी काय काय केले, ते वाचवत नाही. आपल्या वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती आणि तिचे अवशेष आजही उभे आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलींसाठी गृहशिक्षणाच्या शाळा निघाल्या. स्वस्त, पौष्टिक आणि साधे अन्न कसे करावे हे त्यांनी इतक्या निष्ठेने शिकवले, की दोन-तीन पिढ्यांत मसाला जेवणातून उठला आणि बिस्किटांत व चीजमध्ये जाऊन बसला. लायडनच्या चीजमध्ये जिरे असते, फ्रीसलंडच्या चीजमध्ये लवंग असते, पण बटाट्याच्या भाजीत काहीही नसते. मसाल्याच्या बेटांसाठी अर्ध्या जगाशी लढलेल्या लोकांनी अखेर जिरे चीजमध्ये घालून ते थंडगार पावावर ठेवले, याला काय म्हणावे!

प्रश्नकर्ती : आइंडहोवनची_सांगलीकर

सर्वांचे आभार. जेवून जायचे हे नक्की झाले. नवऱ्याने पराभव मान्य केला नसला तरी शनिवारी वरणभात लावायला सांगितले आहे. याच विषयातले आणखी दोन प्रश्न आहेत. नवऱ्याच्या कार्यालयात एका सहकाऱ्याला मुलगी झाली, तेव्हा टेबलावर गोल टोस्ट ठेवले होते आणि त्यांवर लोणी लावून गुलाबी-पांढऱ्या गोळ्या पसरल्या होत्या. हा काय प्रकार आहे? दुसरे असे, की काकूंनी परवा माझ्या मुलाला एक काळी गोळी दिली. त्याने ती तोंडात घातली, काकूंकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि माझ्या हातात काढून ठेवली. वाढदिवसाला पुन्हा तीच पुढे आली तर काय करावे?

उत्तर : रसायन_वहिनी

दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या आजीच्या फडताळात सापडतात.

टोस्टवरच्या त्या गोळ्या म्हणजे साखरेचे कवच चढवलेली बडीशेपेच्या जातीची बी, अनीस. हॉटेलच्या बिलाबरोबर वाटीत येणाऱ्या रंगीत बडीशेपेची ती सख्खी बहीण समजा. बाळ पाहायला येणाऱ्यांना हा टोस्ट देण्याची पद्धत जुनी आहे, आणि या बियांनी बाळंतिणीला दूध चांगले येते, अशी त्यामागची समजूत. आपल्याकडे बाळंतिणीला बाळंतशेपा देतात त्या याच समजुतीने. फरक इतकाच, की आपण त्या बाळंतिणीला खायला घालतो आणि हे लोक कार्यालयातल्या लेखापालांना. मुलगी झाली तर गुलाबी-पांढऱ्या आणि मुलगा झाला तर निळ्या-पांढऱ्या गोळ्या. यातील निळा रंग १९९४ साली बाजारात आला. तोवर मुलग्यांचेही गुलाबीवरच निभावत होते. मुलाचे पेढे आणि मुलीची बर्फी असा भेद करणाऱ्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. राजघराण्यात बाळ जन्मले, की याच गोळ्या नारिंगी होतात. सध्याची युवराज्ञी अमालिया २००३ साली जन्मली तेव्हा त्या दुकानांतून विकायला होत्या. खाण्याची एक युक्ती मात्र आहे. टोस्टवर लोणी कडेपर्यंत आणि जाड लावावे लागते, नाहीतर पहिल्याच घासाला टोस्ट फुटतो, गोळ्या जमिनीवर टपटपतात आणि अख्ख्या विभागाला कळते, की तुम्ही नवे आहात.

काळी गोळी म्हणजे ‘द्रॉप’. ज्येष्ठमध! घसा बसला, की आजी चघळायला देते तेच. इथपर्यंत मुलाने काही तक्रार केली नसती. परंतु खारट द्रॉपमध्ये ज्येष्ठमधाबरोबर नवसागर असतो, म्हणजे अमोनियम क्लोराईड. आपल्या लहानपणी कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा, तापलेल्या पातेल्यात कथील टाकून वर पांढरी पूड भुरभुरायचा आणि नाकाला झोंबणारा पांढरा धूर निघायचा. ती पूड म्हणजे हाच नवसागर. आपण तो भांड्याला लावला, यांनी मुलांच्या खाऊत घातला. इथे द्रॉपचा खप माणशी वर्षाला सुमारे २ किलो आहे, म्हणजे हे लोक तो परदेशी पाहुण्याची फजिती करण्यापुरता ठेवत नाहीत, खरोखर आवडीने खातात. मुलाला सांगा, की गोडा द्रॉप आहे का ते विचार. आणि घरात कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर ज्येष्ठमध बेतानेच खावा, मग तो आजीने दिलेला असो वा काकूंनी.

जाता जाता, मुलगा शाळेत जाऊ लागला आहे म्हणून सांगते. लवकरच तो घरी येऊन पावावर चॉकलेटचे दाणे मागेल. १९३६ साली वेन्झ नावाच्या कंपनीने हे दाणे पावावर पसरण्यासाठी म्हणून काढले, आणि तेव्हापासून हा मुलांचा हट्ट न राहता सर्व वयांचा नाश्ता झाला आहे. नवऱ्याला विचारा, दुपारी कार्यालयाच्या भोजनगृहात सहा फूट उंचीचे अभियंते पावाला लोणी लावून, त्यावर हे दाणे पसरून, जास्तीचे दाणे बशीत झटकून, ग्लासभर दूध किंवा ताक पिताना त्याला दिसत असतील. ताकात मीठ नाही, जिरे नाही, हिंग तर नाहीच. जगातील सर्वांत उंच माणसांत ज्यांची गणना होते ती याच थंड डब्यावर वाढलेली आहेत, त्यामुळे पोषणाच्या मुद्द्यावर त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

उत्तर : मधुमेही_पण_समाधानी

मी या चर्चेत थोडा वेगळा सूर लावू इच्छितो. आग्रह नाही म्हणून येथे सर्वजण हळहळत आहेत. मला मात्र तो नसणे हे या देशाने मला दिलेले मोठे सुख वाटते. कोल्हापुरात माझ्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात मी साखर वर्ज्य असल्याचे चार जणांना सांगितले, तरी पंगतीत ‘एका जिलबीने काय होतंय’ म्हणत पाचवा आला, आणि मी खात नाही म्हटल्यावर ‘आमच्या हातचं चालत नाही वाटतं’ हे ऐकून घ्यावे लागले. येथे शेजाऱ्याकडे मी एकदाच ‘साखर खात नाही’ म्हटले. त्यानंतर आजतागायत माझ्यासमोर केकची बशी आली नाही, कॉफीबरोबर चीजचा तुकडा येतो, आणि त्याविषयी कोणी एक अवाक्षर काढत नाही. आग्रहामागे प्रेम असते हे खरे, पण त्यात पाहुण्याचे ऐकून घेणे बसत नाही. बिस्किटांच्या डब्यावर आपण वाटेल तेवढे हसू, परंतु ‘नको’ या शब्दाला जेथे एका फटक्यात किंमत मिळते असा देश सोडून मी पुन्हा जिलब्यांच्या पंगतीत बसायला तयार नाही.

उत्तर : डच_घरची_सून

तुमचा मुद्दा मान्य, तरीही नाण्याची दुसरी बाजू सांगते. आमचे एक डच स्नेही आमच्याकडे प्रथम जेवायला आले, तेव्हा मी सवयीने ‘आणखी घ्या ना’ असे तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी त्यांनी काळजीने विचारले, की मी आधी दोनदा दिलेले उत्तर तुम्हाला ऐकू आले नाही का. आता तेच गृहस्थ आमच्याकडे आले, की पहिल्यांदा मुद्दाम ‘नको’ म्हणतात, मिश्कील हसतात आणि मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत बसतात. स्वतःच्या घरी मात्र अजून एकच बिस्कीट देतात.

उत्तर : अम्स्टेलवेनचा_अण्णा

पुणे-कोल्हापूर वाद येथे उभा राहण्याआधी ताईंच्या मूळ प्रश्नातील उरलेल्या गोष्टी सांगतो. भेटवस्तू नेलीत तर ती काका तुमच्यासमोरच उघडतील. आपल्यासारखी ‘ठेवा, नंतर बघू’ म्हणून आतल्या खोलीत जाणार नाही, तेव्हा कोणाकडून आलेला चहाच्या कपांचा संच पुढे ढकलण्याचा विचार असेल तर वेष्टनातली जुनी चिठ्ठी आधी काढून घ्या. फुले नेणे सर्वांत सोपे. चकल्या न्यायच्याच असतील तर डबाभर नकोत, बशीभर पुरेत. गोलातील प्रत्येक जण शिष्टाचाराने एकेकच उचलेल आणि उरलेल्या चकल्यांचे काय करायचे, हा काकूंपुढे गहन प्रश्न उभा राहील. तिखट कमी घाला. शौचालयात गेलात तर भिंतीवर नातेवाइकांच्या वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली दिसेल. ती तेथेच असते, वर्षानुवर्षे तीच असते, आणि पुढच्या वेळी तिच्यावर तुमच्या मुलाचे नाव दिसले तर समजा, की डब्याचे झाकण तुमच्यासाठी बरेच सैल झाले आहे.

आणि एक तातडीचे. काकूंना आजच उत्तर द्या की तुम्ही तिघे येणार आहात. निमंत्रणावर मुलाचा उल्लेख आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. केक माणसे मोजून मागवला जातो आणि तुकडे त्या हिशेबाने पडतात. चौदा जणांच्या केकमध्ये पंधरावा आला, तर काकू स्वतःचा तुकडा त्याला देतील आणि संध्याकाळपर्यंत हसतमुखाने कोरडी कॉफी पितील.